बहिरा झालेला रेडिओ

२२ जुलै २०२१ची सकाळ. रात्रभर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पाऊस कोसळत होता. वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरल्याची बातमी आली आणि मी अण्णांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, आणि माझ्यासारखेच परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक. फोन बंद पडले तर ते काय करतील, हे मला पक्के माहीत होते. गाडीची बॅटरी वरच्या मजल्यावर नेतील, आपला घरी बांधलेला पाच वॉटचा संच तिला जोडतील आणि ४० मीटर पट्ट्यावर मला हाक मारतील.

कऱ्हाडला आमच्याकडेही वीज गेली होती. मी माझा संच बॅटरीवर सुरू केला आणि कानाला हेडफोन लावून बसलो. अशा वेळी हॅम मंडळींचा एक शिस्तीचा नियम असतो: आधी ऐका, गरज नसताना बोलू नका, वाट मोकळी ठेवा. मी तो तंतोतंत पाळला. दोन तास एकदाही बोलण्याचे बटण दाबले नाही. लांबची दोन-तीन मोठी केंद्रे बारीक आवाजात येत होती. बाकी सगळे शांत. आज आकाशाची साथ नाही, असे मी मनाशी म्हटले.

साडेदहाच्या सुमारास गोव्यातल्या एका हॅमचा मला मोबाइलवर फोन आला. "तुमचे चिपळूणचे मित्र तासभर तुमच्या नावाने हाक मारतायत. तुम्ही उत्तर देत नाही म्हणून मी निरोप घेतला. घरात चौघं आहेत, वरच्या मजल्यावर. वहिनींचं इन्सुलिन खाली पाण्यात गेलंय. मी तिकडच्या नियंत्रण कक्षाला कळवलंय."

अण्णा आणि घरची मंडळी त्या संध्याकाळी बोटीतून सुखरूप बाहेर आली. पण माझ्या डोक्यातून एक प्रश्न जाईना. गोव्याला ऐकू गेले ते कऱ्हाडला का नाही? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा मी दोन महिने केलेला पाठपुरावा आहे. ज्यांनी कधी सोल्डरिंगची लेखणी हातात धरली नाही, त्यांनाही तो समजावा असा प्रयत्न करतो.

आकाश दोषी की संच?

चिपळूण ते कऱ्हाड हवाई अंतर सुमारे ७५ किलोमीटर. मध्ये सह्याद्री आडवा. जमिनीलगत जाणारी लहर डोंगरात अडते. तरीही आम्ही दोघे वर्षानुवर्षे रोज सकाळी बोलत आलो, ते आकाशाच्या कृपेने. जमिनीपासून साधारण २५० ते ३०० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेला हवेचा विरळ थर असतो, आयनांबर. ७ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ सरळ वर पाठवली तर दिवसा हा थर तिला बहुतेकदा खाली परतवतो आणि कारंज्याच्या पाण्यासारखी ती भोवतालच्या शेकडो किलोमीटरवर पसरते. म्हणजे ७५ किलोमीटरवरच्या मित्राशी बोलायला आमचा आवाज सहाशे किलोमीटरचा फेरा मारून येतो.

हा थर रोज सारखा नसतो. म्हणूनच 'आज प्रसरण खराब' ही हॅम मंडळींची हक्काची सबब असते. ती अनेकदा खरीही असते, आणि तिथेच फसगत होते. संच बिघडला तरी दोष आकाशाला देता येतो.

शंका फेडण्याचा मार्ग एकच. त्याच वेळी, त्याच अँटेनावर दुसरा संच जोडून पाहायचा. मी एका मित्राकडून कारखान्यात बनलेला जुना ट्रान्ससीव्हर उसना आणला. सकाळी सातला अँटेनाची केबल आधी माझ्या संचाला लावली: दोन केंद्रे, बारीक. मग तीच केबल उसन्या संचाला लावली: सात-आठ केंद्रे, खणखणीत. आकाश निर्दोष सुटले. अँटेनाही सुटली. आरोपी माझ्या टेबलावरच होता.

संच कसा ऐकतो

माझा संच 'बिटएक्स' या आराखड्यावर बांधलेला आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो जगापुढे मांडला. आपल्या बाजारात सहज मिळतील अशाच भागांतून संच उभा राहावा, हा त्यांचा आग्रह होता. साधे ट्रान्झिस्टर, टीव्हीच्या अँटेनात वापरायचे बलून कोअर, आणि चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेले तारेचे वेटोळे! परदेशी संचाची किंमत न परवडणाऱ्या कितीतरी लोकांनी या आराखड्यामुळे स्वतःच्या हाताने संच बांधले. अण्णांनी आणि मी आमचे दोन संच एकाच पावसाळ्यात, एकमेकांना विचारत विचारत बांधले.

त्याची ऐकण्याची रीत अशी. अँटेनातून आलेला संदेश आधी एका रिलेमधून जातो. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा बटणाचा स्विच. बोलताना तो अँटेना ट्रान्समीटरला जोडतो, ऐकताना रिसीव्हरला. पुढे बँडपास फिल्टर, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा आपला पट्टा सोडून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवणारा दारवान. मग मिक्सर. इथे संदेशात संचातल्याच एका आंदोलकाची, व्हीएफओची, साधारण ५ मेगाहर्ट्झची लहर मिसळतात. ७ आणि ५ मिळून १२. सगळी केंद्रे अशी आळीपाळीने १२ मेगाहर्ट्झवर आणून चार क्वार्ट्झ क्रिस्टलच्या एका अरुंद फिल्टरमधून काढली जातात. तो एकाच केंद्राचा आवाज आत सोडतो. शेवटी बीएफओ नावाचा दुसरा आंदोलक त्या लहरीला मानवी आवाजाच्या पातळीवर उतरवतो आणि एलएम३८६ ही छोटी चिप तो आवाज स्पीकरला देते.

यात कुठेही पाणी मुरू शकते. माळेतला एक मणी ढिला असला की संच बंद पडत नाही, फक्त कमी ऐकू लागतो. बंद पडलेला संच दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते. कमी ऐकणारा संच मात्र आपल्याला फसवतो, कारण तो चालत असतो.

'कमी' म्हणजे किती?

दुरुस्तीची पहिली पायरी मोजण्याची. रेडिओत संदेशाची ताकद 'एस' एककात सांगतात. ५० ओहमच्या अँटेना-जोडणीवर ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे एस-९, भरपूर मोठा संदेश. प्रत्येक पायरी उतरताना व्होल्टेज निम्मे होते, म्हणजे ६ डेसिबलने घटते. एस-१ला ते जेमतेम ०.२ मायक्रोव्होल्ट उरते. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. माझा संच बोलतो दहा वॉटवर, तेव्हा अँटेनावर सुमारे २२ व्होल्ट असतात. म्हणजे एकच रिले कधी २२ व्होल्ट वाहून नेतो तर कधी त्याच्या अकरा कोटीव्या भागाएवढा इवलासा संदेश. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तोच कामाला येणार आहे.

माझ्या संचाला ताकद दाखवणारा काटा नाही आणि आवाज आपोआप सारखा करणारी व्यवस्थाही नाही. आवाज कमी वाटला की हात नकळत व्हॉल्यूमकडे जातो. कान चांगला असतो, पण मोजपट्टी म्हणून कुचकामी. सहा महिन्यांत आवाज किती उतरला, हे कान सांगू शकत नाही.

कानाने करता येईल अशी एक खरी चाचणी मात्र आहे, आणि तिला काही खर्च नाही. संच सुरू करून अँटेना काढा आणि तिच्या जागी ५० ओहमचा रोधक लावा. आता जी सळसळ ऐकू येते ती संचाची स्वतःची. मग अँटेना लावा. ७ मेगाहर्ट्झवर आकाशातल्या विजा, शेजारचे दिवे, चार्जर यांचा गोंगाट इतका असतो की धडधाकट संचात अँटेना लावताच सळसळ स्पष्ट वाढलीच पाहिजे. वाढली, तर संच पुरेसा संवेदनशील आहे, आणखी ॲम्प्लिफायर जोडून उपयोग नाही. वाढली नाही, तर संच बहिरा आहे.

मी एका सकाळी चाचणी केली. अँटेना लावल्या-काढल्याचा काडीचाही फरक पडला नाही. तेव्हा आठवले की गेल्या काही महिन्यांत मी अण्णांना मोठ्या अभिमानाने सांगत होतो, "माझ्याकडे हल्ली पट्टा फार शांत असतो." अण्णा म्हणाले होते, "पावसाळ्यात पट्टा शांत? तुझं नशीब बाबा!" ते नशीब नव्हते. बहिऱ्याला गाव शांतच वाटतो.

शेवटाकडून सुरुवातीकडे

दोष शोधताना स्पीकरकडून अँटेनाकडे उलटे जावे, ही जुन्या रेडिओ मेकॅनिकांची पद्धत. मीही तसाच निघालो.

व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचे पाते टेकवून बोट लावले: स्पीकरमधून मोठा 'घूंऽऽ'. ऑडिओ विभाग ठीक. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरचे व्होल्टेज मल्टीमीटरने पाहिले आणि संच बांधताना वहीत लिहिलेल्या आकड्यांशी ताडले. सगळे जुळले. नवीन संच बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: संच चांगला चालतो त्या दिवशीच हे आकडे लिहून ठेवा. आजारपणात उपयोगी पडतात ती निरोगी दिवसांतली मापेच.

मग दोन्ही आंदोलक. डायोडच्या मिक्सरला व्हीएफओकडून पुरेशी ताकद मिळाली नाही तर डायोड नीट उघडझाप करत नाहीत आणि संदेश तिथेच गळतो. एक डायोड, एक कपॅसिटर आणि एक रोधक जोडून बनवलेल्या साध्या प्रोबने पाहिले: व्होल्टेज पूर्वीइतकेच. बीएफओची वारंवारता क्रिस्टल फिल्टरच्या नेमक्या कडेवर हवी. ती घसरून फिल्टरच्या आत गेली तर आवाज घोगरा होतो, आणि दूर गेली तर पातळ आणि क्षीण. माझा किंचित दूर सरकला होता. ट्रिमर फिरवून जागेवर आणला. आवाज गोड झाला, पण मोठा झाला नाही. बँडपास फिल्टरचे ट्रिमरही पट्ट्याच्या वरच्या टोकाला लागलेले होते. मधोमध आणल्यावर थोडा फायदा झाला. पण माझी तक्रार थोडीची नव्हतीच.

इथे बहुतेक जण थकतात आणि एक जादा ॲम्प्लिफायर ठोकून देतात. तो मोह मलाही झाला. पण गळक्या पाइपाला मोठा पंप बसवला म्हणून गळती थांबत नाही. दोष ॲम्प्लिफायरच्या आधी असेल, तर तो संदेशाबरोबर संचाची सळसळही तेवढीच वाढवतो.

बिस्किटाच्या डब्यातली प्रयोगशाळा

आता मला एक ठरावीक ताकदीचा, न बदलणारा संदेश हवा होता. आकाशातली केंद्रे दर मिनिटाला वरखाली होतात. मी ७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एका ट्रान्झिस्टरचा आंदोलक बांधला आणि बॅटरीसकट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला. डबा पत्र्याचा का? तर संदेश फक्त केबलीतूनच बाहेर पडावा, हवेतून चोरवाटेने संचात शिरू नये म्हणून. पुढे संदेश लहान करणारे तुकडे, म्हणजे ॲटेन्युएटर, जोडले. मध्ये साधारण २४० ओहम आणि दोन्ही बाजूंना जमिनीकडे ६२ ओहम, असे तीन रोधक लावले की व्होल्टेज दहावा भाग उरते, म्हणजे २० डेसिबलची घट. असे चार तुकडे आणि १० डेसिबलचा एक, एवढी माझी प्रयोगशाळा.

पद्धत सोपी होती. हा डबा आधी अँटेनाच्या जोडणीला लावायचा आणि आवाज जेमतेम ऐकू येईपर्यंत ॲटेन्युएटर वाढवायचे. मग तोच डबा रिलेच्या पुढे, थेट बँडपास फिल्टरला लावायचा आणि तेच करायचे. दोन्ही वेळी लागलेल्या ॲटेन्युएटरमध्ये फरक पडला, तर दोष त्या दोन बिंदूंच्या मध्ये.

पहिल्या संध्याकाळी फरक आला शून्य! दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा शून्य. आणि संच झकास ऐकत होता. सकाळी मात्र परत बहिरा. मी चक्रावलो. रोग्याने डॉक्टरसमोर ठणठणीत दिसावे तसा प्रकार.

वहीने दिलेला पुरावा

हॅमला आपल्या प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवायची सवय असते. केव्हा, कुणाशी, आवाज कसा. मी गेल्या सहा महिन्यांची वही काढली आणि ओळीने वाचत गेलो. जानेवारीपासून पंचवीस-तीस ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, 'प्रसरण खराब'. पण त्यातल्या बहुतेक नोंदींखाली थोड्या वेळाने आणखी एक शब्द होता: 'सुधारले'. आकाश दर वेळी इतक्या तत्परतेने सुधारते? वेळा पाहिल्या. 'सुधारले' हा शब्द प्रत्येक वेळी माझ्या पहिल्या बोलण्यानंतरचा होता.

संध्याकाळच्या चाचण्यांचे कोडेही तिथेच सुटले. प्रत्येक चाचणीआधी मी संच ठीक बोलतो की नाही हे पाहायला बटण दोन-चारदा दाबत होतो. बटण दाबले की रिले खटकन हलतो, सोडले की परत येतो.

दुसऱ्या सकाळी बटणाला हात न लावता डबा जोडला. अँटेनाच्या जोडणीतून संदेश ऐकू यावा म्हणून २० चा एक आणि १० चा एक असे दोन तुकडे काढावे लागले. रिलेच्या पुढे लावल्यावर ते परत घालावे लागले. म्हणजे ३० डेसिबल मधल्या मध्ये गायब. पाच एस-पायऱ्या! मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेच्या टोपीवर एक हलकी टिचकी मारली. हेडफोनमध्ये आवाज इतका जोरात आला की मी तो कानावरून ओढून काढला.

चांदी काळी पडते

दिवाळीच्या आधी घरातली चांदीची भांडी आपण घासायला काढतो. वर्षभर कपाटात राहून ती काळवंडलेली असतात, कारण हवेतल्या गंधकाच्या अंशाशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर पापुद्रा धरतो. माझ्या रिलेचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे होते. रिलेची टोपी हवाबंद नव्हती. संच बांधताना सोल्डरच्या फ्लक्सचा धूरही आत गेला असणार. रात्रभर न हलता बसलेल्या त्या कॉन्टॅक्टवर दमट हवेत अदृश्य असा पापुद्रा धरत होता.

मग बोलताना त्रास का होत नव्हता? आता तो अकरा कोटींचा आकडा आठवावा. २२ व्होल्टचा दाब असा पातळ पापुद्रा सहज फोडून जातो. मायक्रोव्होल्टची ती ताकद नाही. म्हणून जो कॉन्टॅक्ट आरडाओरडा बिनतक्रार पलीकडे नेतो, तोच कुजबुज अडवतो. शिवाय बोलण्याचा कॉन्टॅक्ट दर वेळी नव्याने आपटतो, त्यामुळे घासून स्वच्छ राहतो. ऐकण्याचा कॉन्टॅक्ट मात्र तासन् तास एकमेकांना टेकून नुसता बसलेला.

आणि मोठी केंद्रे तरी बारीक का होईना, कशी येत होती? दोन धातूंमध्ये विद्युतरोधक पापुद्रा म्हणजे एक चिमुकला कपॅसिटर. तो सात पिकोफॅरडचा धरला, तर ७ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ३२०० ओहम होतो. अँटेना आणि रिसीव्हर मिळून १०० ओहमच्या मार्गात असा अडथळा आला की संदेश बत्तीसावा भाग उरतो. म्हणजे ३० डेसिबल, डब्याने मोजले तेवढेच.

आता २२ जुलैच्या सकाळचा हिशेब मांडता येतो. समजा, अण्णांचा पाच वॉटचा संदेश माझ्या अँटेनावर ४ मायक्रोव्होल्ट होता आणि बाहेरचा गोंगाट २ मायक्रोव्होल्ट. वीज गेल्यामुळे शेजारचे चार्जर आणि दिवे बंद, म्हणून गोंगाटही कमी. धडधाकट संचावर, सवयीच्या कानाला हा संदेश कळला असता. पण रिलेने दोन्ही बत्तीसपट घटवले. अण्णा उरले ०.१२ मायक्रोव्होल्ट. माझ्या संचाची स्वतःची सळसळ ०.१५च्या आसपास. अण्णा तिच्याखाली बुडाले. शंभर वॉटचे केंद्र मात्र त्याच अंतरावरून १८ मायक्रोव्होल्टचे येते. घटल्यावरही त्याचे अर्ध्याहून अधिक मायक्रोव्होल्ट उरतात आणि ते ऐकू येते. व्हॉल्यूम वाढवून काही साधले नसते, कारण सळसळही तेवढीच वाढली असती. जो संदेश संचाच्या स्वतःच्या आवाजाखाली गेला, तो पुढे कितीही मोठा करून परत मिळत नाही. म्हणूनच रिसीव्हरमध्ये सर्वांत जपायची जागा अँटेनाजवळची, पहिल्या दोन-चार वितींची.

आणि मी एकदा जरी बटण दाबले असते, तरी रिले हलला असता, पापुद्रा घासला गेला असता आणि अण्णा ऐकू आले असते. माझ्या शिस्तीनेच दोष झाकून ठेवला. म्हणून शिस्त चुकीची ठरत नाही. आपला संच शांतपणे ऐकू शकतो का, हे मी चांगल्या दिवसात कधीच तपासले नव्हते, चूक ती होती.

दुरुस्ती

उपाय दोन केले. पहिला, रिले बदलला. बाजारात रिले घेताना आपण किती ॲम्पिअर सोसतो एवढेच विचारतो. मीही दहा ॲम्पिअरचा, चकचकीत, मोठा रिले घेतला होता. पण अशा पॉवर रिलेच्या माहितीपत्रकात आणखी एक आकडा असतो: कमीत कमी किती भार वाहिला तर कॉन्टॅक्ट भरवशाचा राहतो. तो बहुधा काही व्होल्ट आणि कित्येक मिलिॲम्पिअर असतो. मायक्रोव्होल्टसाठी वेगळे, सोन्याचा मुलामा दिलेले, हवाबंद सिग्नल रिले मिळतात. सोने काळवंडत नाही. माझ्या दहा वॉटला अर्ध्या ॲम्पिअरहून कमी प्रवाह लागतो. तेवढा असा छोटा रिलेही सोसतो, फक्त प्रवाह सुरू असताना तो हलवायचा नाही, एवढे पथ्य.

दुसरा उपाय जादा खबरदारीचा. ऐकण्याच्या कॉन्टॅक्टमधून सतत एक बारीकसा डीसी प्रवाह सोडला. १२ व्होल्टपासून १० किलोओहमचा रोधक आणि एक चोक यांतून कॉन्टॅक्टच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूने चोकमधून जमिनीला. प्रवाह सव्वा मिलिॲम्पिअरच्या आत. हा डीसी अँटेनात किंवा रिसीव्हरमध्ये जाऊ नये म्हणून दोन्हीकडे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. हा प्रवाह पापुद्रा धरू देत नाही. जुन्या टेलिफोनच्या लोकांना ही युक्ती ठाऊक होती.

टेलिफोनवरून आठवले. अण्णांच्या संचातला रिले त्यांनी भंगारात निघालेल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कार्डावरून काढला होता. मी तेव्हा हसलो होतो. ते म्हणाले होते, "अरे, भंगारातला असला तरी बोलणं पोचवायलाच जन्मलेला आहे तो." माझा नवा रिले मोटर-पंप चालवायला जन्मलेला होता.

दुरुस्तीनंतर सलग चौदा दिवस रोज सकाळी, बटणाला हात लावण्याआधी मी डब्याची चाचणी केली आणि वहीत लिहिली. एकाही दिवशी फरक पडला नाही. मगच उसना संच परत केला.

रोजची एक चाचणी

२००१चा भूजचा भूकंप असो वा २००४ची अंदमानातली त्सुनामी, फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले आहेत. अशा कामात आपण बोलण्याच्या ताकदीचा फार विचार करतो: किती वॉट, केवढी अँटेना. पण संकटात सापडलेल्या माणसाचा संदेश बहुतेकदा क्षीणच असतो. त्याच्याकडे उतरत चाललेली बॅटरी असते आणि खिडकीतून बाहेर टाकलेली तार. तो ऐकू येणे न येणे हे त्याच्यापेक्षा आपल्या रिसीव्हरवर अवलंबून असते.

म्हणून आता माझी सकाळ ठरलेली आहे. संच सुरू करायचा, ५० ओहमचा रोधक लावून सळसळ ऐकायची, मग अँटेना लावायची. सळसळ उसळून वर आली की वहीत एक बरोबरची खूण. मिनिटभराचे काम.

चिखल उपसून घर लावायला अण्णांना दिवाळी उजाडली. त्यांचा संच वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. नोव्हेंबरातल्या पहिल्या सकाळी सातला मी खूण केली, अँटेना लावली आणि बटणाला हात न लावता वाट पाहिली. पाच वॉटवरून हाक आली. मी उत्तर दिल्यावर ते म्हणाले, "किती वाजता बसलास रे आज?"

"पावणेसातला."

"मग ठीक. मी सात वाजून दोन मिनिटांनी पहिली हाक मारली. एकाच हाकेत आलास."

वहीत वेळ लिहिली: ७.०२. पुढच्या रकान्यात, आवाज कसा, तिथे लिहिले: बारीक, पण स्पष्ट.